दोन टेम्पो मुरूम

बाळेकुंद्री म्हणाला,
घर विकायचं तर आधी ते कुणाचंच नाही
असं दिसायला पाहिजे.
एजंट माणूस. वडगावातली निम्मी घरं त्याच्या डायरीत,
कानडीत लिहिलेली, मराठीत वाचून दाखवतो.

मग लागलो कामाला.
परशरामनं खिळे उपटले,
दादापीरनं भोकं लांबीनं बुजवली.
चौकटीवर तीन शिरगणत्यांचे आकडे होते:
एक कानडी, एक इंग्रजी,
एक नुसताच खडूचा फराटा.
तिन्हींवरनं एकदाच ब्रश फिरला.
उताऱ्यावर बाबांचं नाव भरमाणा की बरमण्णा
ह्यात कचेरीचे दोन दिवस गेले.
शेवटी शपथपत्र: दोन्ही नावं एकाच माणसाची,
आणि तो माणूस आता नाही.

राहिला खड्डा.
बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, मांडीइतका खोल.
माग जाऊन तेरा वर्षं झाली,
लाकूड होतं चांगलं, गेलं सरपणाच्या भावानं.
तेव्हापासनं खड्ड्यावर फळ्या, फळ्यांवर टीव्ही.
"हे कुणाला सांगायचं नाही बघा," बाळेकुंद्री.
"खड्डा म्हटलं की वास्तू आली,
आणि वास्तू आली की दोन लाख गेले."

लहानपणी मला वाटायचं
बाबा जमिनीतनं उगवलेत.
शाळेतनं आले की कमरेपर्यंत बाबा,
हात चालतात, मान चालते,
पायांचं काय ते खाली अंधारात.
त्यांचं डोकं आणि माझं डोकं एका उंचीवर,
तेवढ्यावर आमचं सगळं बोलणं.
एकदा खानापूरच्या स्टँडवर त्यांना लांबनं बघितलं,
उभे, गर्दीत, पिशवी धरून.
क्षणभर ओळखलं नाही.
इतका उंच माणूस आमच्या घरात कुठं मावत होता?

फळ्या काढल्या.
आत दोन कांड्या, जरीचा काळा पडलेला गुंता,
पाच पैशाचं नाणं,
माझी हरवलेली फूटपट्टी
(तिच्यापायी मार खाल्ला होता, आईचा),
आणि तळाला मातीत दोन खळगे, टाचांचे.
डावा जरा जास्त खोल.

थांब जरा, म्हटलं परशरामला.
तो म्हणाला, मी थांबतो गं,
टेम्पोवाला थांबायला तयार नाही.
दोन टेम्पो मुरूम.
पाणी, धुमस, परत पाणी, परत धुमस.
वर पांढरी फरशी, आरशागत,
वाकलं की आपलंच तोंड.

रविवारी गिऱ्हाईक आलं.
नवरा-बायको बँकेतले, बागलकोटातनं बदली होऊन,
सहा वर्षांची लेक,
आणि नवऱ्याची आई, उन्हानं दमलेली,
बोलायची नाही, नुसती भिंतींना हात लावत हिंडायची.
पोरगी फरशी-फरशीवर उड्या मारत सुटली.
खिडकीखाली थांबली. परत एक उडी.
"अज्जी, इल्लि पोळ्ळू!"
इथं पोकळ वाजतंय.
बाळेकुंद्रीनं तेवढ्यात पंखा पाचवर करून दाखवला.

म्हातारी आली.
आधी खिडकीचा उजेड कुठं पडतो ते बघितलं,
मग खाली.
"मग्गद कुणि," म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.
मागाचा खड्डा.
आम्ही कुणीच काही बोललो नाही.
तिनं उजव्या पायानं फरशी दाबली,
मग डाव्या, मग उजव्या,
डाव्यावर जरा जास्त वेळ.
"रबकवीत तीस वर्षं मागावर होत्या,"
सून म्हणाली, आमच्यासाठी मराठीत.

मला वाटलं, आता ही काहीतरी विचारेल.
बाबांचं नाव, किंवा पातळं कसली विणायचे.
दोन्ही नावं सांगितली असती मी.

ती म्हणाली, भराव बसलेला नाही.
पहिल्या पावसात फरशी खचणार.
चाळीस हजार कमी करा.

परशरामनं माझ्याकडं बघितलं.
करू की, म्हटलं मी.

ते गेल्यावर बाळेकुंद्री चप्पल घालता घालता म्हणाला,
काय ताई, वीसवर मिटलं असतं.
व्हय, म्हटलं,
मिटलं असतं.