वरच्या मजल्यावरचा डबा

माझी खानावळ मंगळवार पेठेत.
पाटी वाचायची गरज पडत नाही कुणाला,
गल्लीच्या तोंडाशीच कळतं.
रोज बारा किलो मटण, दोन पातेली,
एक तांबडा, एक पांढरा.
आणि नेमकं माझ्या डोक्यावर
मगदुमांची त्रिशला बाळंत होऊन आली.
"मुलगी. पावणेतीन किलो," भरतेश जिन्यातूनच म्हणाला,
आणि मी सवयीनं हवेत हात तोलला,
मग माझी मलाच लाज वाटली.

तिची आई हुपरीला, मांडीचं हाड मोडून पडलेली.
सासू नाही.
भरतेशला भात लावता येतो,
शिट्ट्या मोजायच्या मात्र राहून जातात.

डबा द्यायचा, हे ठरायला क्षणही लागला नाही.
डब्यात काय, यात दोन दिवस गेले.

बाळंतीण म्हटलं की माझा हात लसणाकडे जातो.
लसूण नाही.
कांदा, बटाटा, गाजर, काही नाही.
आलं नाही, सुंठ चालते.
"मग शेंगदाणं?" हौसा म्हणाली, "तेबी जमिनीतलंच की."
"ते चालतात."
"असं कसं?"
"वर जाऊन विचार."
ती गेली नाही.

वांगं वातूळ. कोबीनं पोरीचं पोट फुगेल.
चवळी नको, हरभरा तर नकोच.
कपिलतीर्थात भाजीवाली जुड्या पुढं करत राहिली,
आणि मी,
डोळे मिटून बोटानं सांगेन तुकडा मांडीचा की खांद्याचा,
ती मी
शेपू उचलत होते, ठेवत होते,
पहिल्यांदा बाजाराला आलेल्या सुनेसारखी.

पापाच्या तिकटीवरून नवी कढई आणली,
नवं पातेलं, पळी, उलथनं.
जुन्या भांड्यांना कितीही राख लावा,
काय शिजलं ते विसरत नाहीत.
दुपारचं शेवटचं गिऱ्हाईक उठलं,
ओटा तीनदा पुसला, खिडक्या उघडल्या,
आणि हिंग-जिऱ्याची फोडणी दिली.
एवढ्या वर्षांत या स्वयंपाकघरात
असा हलका वास कधी आलाच नव्हता.
हौसा दोनदा आत येऊन हुंगून गेली.

मुगाची मऊ खिचडी, वर तूप.
शेपूत भिजवलेली डाळ.
ज्वारीची भाकरी, वाटीभर अळिवाची खीर.
डबा साडेपाचला वर,
दिवस मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे.
रात्री घासून परत आला,
तळाशी दोन वेलदोडे. रिकामा धाडला नव्हता.

माझ्या वेळी पायांचा रस्सा होता.
सव्वा महिना, रोज, सासूबाई पहाटे उठून करायच्या.
अंगात ताकद आली, खोटं कशाला बोलू.
पण मला ताकभात हवा होता.
साधा, गार, मिठाचा.
कुणी विचारलं नाही,
आणि विचारायचं असतं हे
मलाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डबा घेऊन मीच चढले.
भरतेशनं दार उघडलं,
शर्ट उलटा, खांद्यावर लंगोट वाळत घातल्यासारखा.
आत कॉटवर त्रिशला, केस न विंचरलेली.
मी कढी पुढं केली, दुधीची भाजी पुढं केली,
मग हात थांबला.
"तुला काय खावंसं वाटतंय गं?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग पोरीकडं,
मग अगदी हळू, चोरी कबूल करावी तशी,
"काकू, भडंग."

आता बाळंतिणीला भडंग!
माझी सासू वरून बघत असेल तर तिनं कपाळाला हात लावला असेल.
खाली आले. चुरमुरे निवडले.
लसूण वगळला, चटणी चिमटीभर,
कढीपत्ता कुरकुरीत, शेंगदाणे जास्त.
मूठभरच. वर मेथ्यांचा एक लाडू, दंड म्हणून.

ती एकेक चुरमुरा खात होती, डोळे मिटून.
स्वयंपाकघरात भरतेश उभ्यानंच
पातेल्यातून कढीभात खात होता,
मी बघितलं नाही असं केलं.
एक चुरमुरा पोरीच्या दुपट्यावर पडला.
त्रिशलानं तो अलगद उचलला,
इकडंतिकडं बघितलं,
आणि तोंडात टाकला.

खालून हौसाची हाक आली, गिऱ्हाईक आलंय.
उद्याचं अजून काही ठरलेलं नाही.