मॅडमनी बोलायचं नाही

सर्क्युलर आलं होतं. यंदा मूल बोलेल,
पालक ऐकतील,
मॅडमनी बोलायचं नाही.
म्हणून मी भिंतीकडची खुर्ची घेतली,
मांडीवर सह्यांचं रजिस्टर
आणि जिभेखाली एक लवंग.

ग्वाल्हेरची जानेवारी. दहा वाजून गेले तरी
किल्ला धुक्यातून बाहेर यायला तयार नाही.
सहावी 'ब'चे बाक
ओल्या पाटीसारखे गार.

अकरावा नंबर, यशोधन मोहिते.
आई आली. स्वेटरवर शाल, शालीवर तीळ,
माधवगंजात गजक कुटतात तिथून थेट.
बाबा कंपूच्या पेट्रोल पंपावर रात्रपाळी करून झोपलेले.
त्यानं आईसाठी खुर्ची ओढली, बाहीनं पुसली,
वही उघडली, घसा खाकरला,
"नमस्ते. मैं यशोधन. आज मैं आपको
अपनी प्रगति के बारे में बताऊँगा."

आईला हसू फुटलं. शाल तोंडाशी गेली.
"अरे, मला कशाला असं सांगतोस? मी काय कलेक्टर आहे?"

त्यानं एकदा माझ्याकडे बघून घेतलं.
भदौरिया मॅडम. यांना काय कळतंय.
आणि मग तो मराठीत उतरला,
घरी आल्या आल्या पोरं पायातले बूट
एक इकडे एक तिकडे उडवतात, तसा.

हे विज्ञान. राजमा पेरला होता.
उगवला, मग माकडानं उपटला.
चित्र आधीच काढून ठेवलं होतं म्हणून वाचलो.
हे हिंदी. अक्षर बघ.
हा नकाशा, यात चंबळ जरा जाड झालीय.
हे गणित.

वीसपैकी नऊ.
खाली लाल शाईत, माझ्याच अक्षरात:
ध्यान नहीं देता.
आधीच्या पानावर तेच.
त्याच्या आधीच्या पानावर तेच,
फक्त एक उद्गारचिन्ह जास्त.

"लक्ष असतं गं आई.
मागून सात आणि एक सारखेच दिसतात.
मग जो बरा वाटेल तो घेतो मी."

"मॅडमना सांगायचं नाही का?"

"सांगितलं की चष्मा म्हणतील.
थांब ना. थंडीभर तुझं काम आहे.
आधी बाबांचे बूट घेऊ,
पेट्रोलनं तळ पार गेलाय त्यांचा."

मी रजिस्टरमध्ये बघत राहिले.
रजिस्टरमध्ये काही नव्हतं.

मी कुंट्यांची. बाळाबाईच्या बाजारातली.
लग्नानंतर भिंडचं आडनाव आलं,
मराठी फोनवर उरली, आईपुरती.
आई गेली, तेव्हापासून
फक्त पैसे मोजताना येते ती.
एक, दोन, तीन… सात.
या शाळेत नऊ वर्षं झाली,
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
आणि आज तर नियमच होता.

फॉर्मवर शेवटचा रकाना, मेरा लक्ष्य.
त्यानं लिहिलं, ध्यान दूँगा.
आईनं सही केली,
प्रत्येक अक्षरावर थोडं थांबून.
मग तो फॉर्म घेऊन माझ्यापुढे उभा राहिला,
डोळे बारीक करून,
जे मी तीन महिने
आगाऊपणा समजत होते.

शिक्षकाचा अभिप्राय: एक ओळ.
लाल पेन टोपणात घातलं.
निळं मागितलं त्याच्याकडून. ते चालेना.
ओळ तशीच कोरी राहिली, खाली फक्त सही.

दोघं दारापर्यंत गेली तेव्हा
लवंग कधीच विरघळली होती.

"जिन्यावरून जपून गं," मी म्हणाले,
"खालून दुसरी पायरी फुटलीय."

आई गर्रकन वळली.
"अगंबाई! तुम्ही आपल्यातल्या?"

यशोधन वळला नाही.
मला त्याचे फक्त कान दिसत होते,
थंडीनं आधीच लाल,
आता आणखी.

बाहेर बाकावर बारावा नंबर
आपलं नमस्ते पाठ करत होता.