आज मासा नाही

हरिपूर रस्त्याला माझी खानावळ. सहा बाकडी,
एक फळा आणि दोन दारं.

पुढच्या दारानं आदगोंडा येतो, पावणेसहाला,
एम-एटीला दोन्हीकडं पोती लटकावून.
वांगी मळीतली. पूर ओसरताना नदी काठाला
जो गाळ ठेवून जाते, त्या मळीतली.
देठाला काटा, अंगावर पांढुरकी झाक,
तेलात पडली की लोण्यासारखी.
तो जैन. पोतं टेकवायच्या आधी फरशी हुंगतो.
मी धुतलेली असते. तरी हुंगतो.
पैसे मोजतो, जास्तीचे दोन रुपये परत ठेवतो
आणि साडेसहाच्या आत निघतो,
कारण साडेसहाला मागचं दार वाजतं.

मागच्या दारानं सुबराव भोई.
पाटीवर ओलं गोणपाट, त्याखाली त्याची अख्खी रात्र:
कधी मरळ, अजून तोंड उघडमीट करणारी,
कधी वाम, कधी नुसता चिलापी
आणि चिलापीहून मोठी सुबरावची शरम.
"आज एवढंच दिलं माईनं."
मी ते फळ्यावर लिहिते.
फळ्यावर असेल तेच चुलीवर.

पुण्याची गाडी थांबते, काच खाली येते.
"सुरमई आहे?"
"सुरमईला समुद्र लागतो. घाट उतरा."
कुणी हसतं. कुणी काच वर घेतं.

अकरा वर्षं झाली,
या दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही.

चैत्रातल्या एका बुधवारी सुबराव आला
पाटीशिवाय.
"घाटावर बघून या. फुकट हाय सगळं."
पाणी कोऱ्या चहासारखं, वर फेस,
काठाला पांढऱ्या पोटांची रास,
आणि पोरं घमेली भरत होती.
जाळ्यातनं निसटणारी ती थोराड मरळ,
तीसुद्धा.
"कुणी सोडलं?"
"वरनं."
रात्रीत पाणी सोडणाऱ्याला नाव नसतं.
"मळी हाय," एवढंच म्हणाला.

तोच शब्द. सकाळीच पोत्यातून माझ्या दारात उतरलेला.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मी हिशोब केला:
दोन घमेली, लाल तिखट, आमसूल, कुणाला कळतंय.
सुबराव माझ्याकडं बघत नव्हता.
तो नदीकडंही बघत नव्हता.
मी परत आले आणि फळा ओल्या फडक्यानं पुसला.

तेवीस दिवस फळ्यावर एकच ओळ.
साडेसहाला दार मात्र वाजायचं.
सुबराव यायचा, उभ्यानं चहा घ्यायचा,
बशी स्वतः विसळून ठेवायचा, जायचा.

विसाव्या दिवशी आदगोंडानं पैसे मोजले
आणि निघाला नाही.
"मागचा येतो का अजून?"
"चहाला येतो."
त्यानं पोत्यातनं आठ वांगी काढली, चांगली निवडून,
खिडकीत ठेवली.
"ही वजनात धरू नका."
सहा अठ्ठावीसला एम-एटी सुरू झाली.

मग धरणातनं पाणी सुटलं, नदी वाहती झाली.
एका पहाटे गोणपाटाखाली वीतभर तीन मासे.
फळ्यावर लिहायला लाज वाटावी इतके. लिहिले.

दुसऱ्या दिवशी आदगोंडानं पोतं टेकवायच्या आधी
फरशी हुंगली.
नाक मुरडलं.
"आला वाटतं," म्हणाला,
आणि दोन रुपये माझ्याकडं राहू दिले.