मिठाचा अंदाज

हाड आलं पंजाब मेलनं,
गार्डाच्या पेटीत, ओल्या फडक्यात गुंडाळून,
वर इंग्रजी पेपर, पेपरावर बॉलपेनानं
आंटीचं नाव, स्पेलिंग चुकलेलं.
"डोरीनला एकच आर असतो," ती म्हणाली
आणि पिशवी माझ्या हातात न देता
टेबलावर ठेवली.
एकतीस वर्षं ती असंच ठेवते.

पावटे रात्रीच भिजत घातलेले,
यावलच्या बाजारातले, टपोरे.
भुसावळात थंडी पडते ती
दोन आठवडे, फार तर अडीच,
तेवढ्यात हे सूप झालंच पाहिजे,
नाहीतर वर्ष फुकट गेलं म्हणायचे पर्सी अंकल,
मालगाडीचे गार्ड,
सूप पिताना चष्म्यावर वाफ धरली तरी न पुसणारे.

आंटीचे हात आता थरथरतात.
सुरी मी धरते.
कांदा, गाजर, सेलरी इथं कुठली,
तिच्याऐवजी कोथिंबिरीचे देठ.
लसणाच्या चार पाकळ्या, ती म्हणाली.
मी सात घातल्या.
हाड मात्र तिनं स्वतः उचललं
आणि पातेल्यात सोडलं.
पाणी उडालं माझ्या बाहीवर.
दोघींनी बाहीकडे पाहिलं.
"राहू दे," मी म्हटलं.

आता प्रश्न मिठाचा.
गेल्या सालच्या तापानंतर
आंटीच्या जिभेला चव म्हणून राहिली नाही,
केक खाल्ला काय, पुठ्ठा खाल्ला काय.
आणि मी फिरक्यांची सून,
आमच्यात चालत नाही.
दोन बायका, एक पातेलं,
चाखायला कुणी नाही.

"मीठ हाडातच असतं, फिरकेबाई.
घाई नको. तीन तास जाऊ देत, मग बघू."
कसं बघू, ते तिनं सांगितलं नाही.

पहिला तास नुसत्या पावट्याचा,
हिरवट, ओलसर वास.
यार्डात शंटिंग चाललेलं,
डबे एकमेकांवर आदळत होते,
आंटी खुर्चीत पेंगत होती.
दुसऱ्या तासाला धूर आला.
गॅसचा नव्हे, मांसाच्या आतला,
कुठे कोणत्या लाकडावर टांगून
मुरवलेला, देव जाणे.
मी पळी धरून उभीच राहिले.
हा तर पऱ्हाटीचा धूर!

भालोदला, शेताच्या बांधावर
काट्यांच्या जाळात बाप वांगी टाकायचा
आणि डोळे पुसत मागे सरायचा.
वरची साल कोळसा, आत लोण्यासारखा गर.
बडगीत मिरच्या ठेचता ठेचता
माय मीठ कधी चाखून घालत नसे.
वाकायची, डोळे मिटायची,
नाकानं एकदा आत ओढायची
आणि म्हणायची, "आजून मांगतंय."

मी गॅस बारीक केला.
पदर तोंडावरून बाजूला केला, वाफेवर वाकले,
डोळे मिटले.
आजून मांगत होतं.
अर्धा चमचा.
पुन्हा वाकले.
एक चिमूट, आणि त्यातलीही थोडी
बोटांवरच राहिली, ती झटकून टाकली.
आंटी जागी होती. काही बोलली नाही.

रात्री साडेनऊला रनिंग रूममधून नेव्हिल आला,
बडनेऱ्याहून मालगाडी आणून,
कानात अजून इंजिन.
उभ्यानंच खाल्लं, पाव बुडवून बुडवून,
हाडावरचं मांस काट्यानं सोडवत.
दुसरा बाऊल घेतला. मग म्हणाला,
"लसूण जरा जास्त आहे."
"पर्सीला तसंच आवडायचं," आंटी म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
साफ खोटं.
मिठाबद्दल कुणी काही बोललं नाही.

घरी आले, हात दोनदा धुतले,
बाही तशीच ओली.
मुलगा अभ्यासावरून मान वर करून
हुंगत म्हणाला,
"मम्मी, भरीत केलं का?"
मी म्हटलं, उद्या.