चौथं रीळ

माझगावच्या थेटरात, रविवारी सकाळी साडेनऊचा खेळ,
पाऊण रुपयात मंगळ.
बाबा दारावर. खाकी शर्ट, हातात तीन सेलची बॅटरी,
आणि वर, पाटाएवढ्या भोकामागे, इनास परेरा
बनियनवर, कार्बनच्या कांड्या जुळवत.
त्याच्या खोलीत सूर्य आहे म्हणायचे लोक.
फारसं खोटं नव्हतं.

चित्र इंग्रजी, काळंपांढरं, आमच्याकडे यायचं
ते सात गावं हिंडून, अंगभर ओरखडे घेऊन.
यान दोऱ्याला टांगलेलं. दोरा दिसायचा.
मी यानाला यान म्हणायचे, दोऱ्याला दोरा,
दोन्ही खरं असायला काही हरकत नव्हती.

पुढल्या बाकांवर गोदीतली पोरं.
इंग्रजी कुणाच्याच बापाला येत नव्हतं.
माझ्याही नाही. पण तो सांगायचा,
अंधारात उभा राहून,
रेशनच्या दुकानात पावती वाचावी तशा आवाजात:
"तो म्हणतोय, पाणी चार जणांपुरतं आहे.
ती म्हणते, आपण तर पाच.
यंत्र म्हणतंय, मला तहान नाही, मला मोजू नका."

एका रविवारी इनासने चौथं रीळ पाचव्यानंतर लावलं.
आदल्या रात्री बायकोला नायरला नेलं होतं त्याने,
झोप नव्हती.
यंत्र आधी मेलं. वाळूत गुडघे टेकून,
छातीतला दिवा विझला.
आणि पुढच्या रिळात तेच यंत्र
डबे उचलतंय, दार उघडून धरतंय बाईसाठी.
बाक खवळले. शिट्ट्या. एक चप्पल पडद्यावर.
बाबांनी बॅटरी छताकडे धरली, नुसती.
"गप बसा रे. ते मेलंय
हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही."

उरलेला खेळ आम्ही श्वास धरून पाहिला,
आता सांगेल कुणीतरी, आता सांगेल.

गोष्टीतलं साल होतं एकोणीसशे सत्त्याण्णव.
माणसं चंदेरी झबल्यांत, गोळ्या खाऊन जगणारी.
खरं सत्त्याण्णव आलं तेव्हा मी बेस्टच्या वडाळा डेपोत
पासांवर शिक्के मारत होते,
थेटरात बाथरूमच्या टाइल्सचं गोदाम झालं होतं.
बाबा त्याच साली गेले. मार्चमध्ये.
रेशनकार्डावरचं त्यांचं नाव
मी दोन वर्षं कमी केलं नाही.

परवा भाच्याने, निषादने, तो सिनेमा शोधून काढला.
धुऊनपुसून लख्ख. ओरखडा नाही एक.
दोरासुद्धा पुसलेला.
खाली इंग्रजी अक्षरं, तेवढी आता मला वाचता येतात.
पाण्याबद्दल कुणी काही बोलत नाही.
ते एका घोड्याबद्दल बोलतायत, लावलेल्या पैजेबद्दल,
बाई म्हणते, तिला परत कधी नाचता येईल का.
यंत्र फक्त आकडे सांगतं. तापमान. दाब.
चौथ्यानंतर पाचवं, नीट क्रमाने,
यंत्र शेवटी मरतं
आणि मेलेलंच राहतं.

"भारी आहे ना आत्या? आजसुद्धा बघवतो."
आहेच म्हटलं. वाळूवर ती लांबच लांब सावली,
काच पुसता पुसता बाईचा थांबलेला हात,
कुणी पाहिला नसेल त्याने जरूर पाहावा.
फक्त एक कर, म्हटलं, ते डबे उचलतं ना,
तिथे ने.
"मागे?"
मागे नाही रे. याच्यापुढे.
त्याला कळलं नाही, पण बोट ओढलं त्याने.

यंत्र उठलं.
मी त्याला आवाज बंद करायला लावला,
दिवा घालवला,
आणि सोफ्यावरून उठून
दाराशी जाऊन उभी राहिले.