जादाची किल्ली

फेब्रुवारीतला पहिला घोड्याचा दिवस.
इनारीच्या पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ,
हात्सुए फावड्याने वाट काढत येते.
डाव्या कोल्ह्याच्या तोंडात दगडी लोंबी;
उजव्याची कोठाराची किल्ली
भूकंपात पडली, सापडलीच नाही.

त्सुनेकिची गेला, ट्रॅक्टर विकला;
जादाची किल्ली राहून गेली शिवणाच्या डब्यात.
ती आज लाल दोऱ्याने
कोल्ह्याच्या दातांत बांधते.
बोटं बधिर, गाठ तीनदा सुटते.

दोनदा वाकते. दोन टाळ्या.
झाडावरून बर्फ सांडतो.

"डोंगरावरून उतरशील
तेव्हा वावर ओळखू यायचं नाही,
कमरेएवढं गवत माजलंय.
तरी ये.
बांधावर जरा टेक.
आणि हा तळलेला तोफू,
एका बाजूने करपलाय,
तेवढा गोड मानून घे."