अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर

न्यूलिनच्या धक्क्याच्या टोकाला, दीपगृहापाशी,
एका कुलूपबंद खोलीत जमिनीत पितळी खिळा आहे.
या देशातली उंची तिथून मोजतात,
डोंगरांची, धुराड्यांची, चर्चच्या मनोऱ्यांची.
शून्य दाखवा म्हटलं तर खिळा दाखवतात,
आणि तोही शून्य नाही.
शून्य त्याच्या पावणेपाच मीटर खाली,
सहा वर्षांच्या भरती-ओहोटीची सरासरी:
पाणी जिथे कधी थांबलंच नाही ती जागा.

त्याच धक्क्यावरून मी पहाटे बोटीवर चढते
आणि पोलादी टेपने आधी बोटच मोजते.
डोलकाठीवरच्या अँटेनापासून पोटाखालच्या सोनारपर्यंत
सात मीटर, एकतीस सेंटीमीटर, चार मिलिमीटर.
हे चुकलं तर अख्खा समुद्र तेवढाच चुकतो.
वर आज चौदा उपग्रह आहेत, वीस हजार किलोमीटरवर,
आणि बोट डुलते ते सगळं वजा करायला एक डबा,
जो स्वतः कधी ओकत नाही. मी ओकते.
आपण पाण्याला अथांग म्हणतो.
त्यातला अ खोडायचा मला पगार मिळतो.

सुकाणूवर हेडली पेंगेली, वय एकसष्ट.
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं
तसा तो माझ्या पडद्याकडे बघतो, बघत नाही असं दाखवून.
तिसऱ्या दिवशी, केबलच्या मार्गाची शेवटची पट्टी संपताना म्हणाला,
"अर्धा मैल दक्षिणेला जाऊ या का? डिझेल माझं."

नकाशात तिथे एक ठिपका होता. शेजारी: जागा अदमासे.
त्याच्याकडे आकडा नव्हता, वडिलांच्या खुणा होत्या.
मनोरा टेकडीच्या खांद्यावर बसू दे,
खाणीची जखम कड्यामागून जेमतेम सुटू दे,
बावीस वाव पाणी.
डोळे बारीक करून त्याने बोट आणली,
मी फक्त बघत होते, माझे चौदा उपग्रह घेऊन.

वाळूचे रंग सरकत होते, सरकत होते,
मग एक आकार आला. सतरा मीटर.
डाव्या कुशीवर.

"मॉर्वेना," तो म्हणाला.
बऱ्याच वेळाने, "आयव्हर."
धाकटा भाऊ. एकतीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.

मी अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दिले.
"किती खात्री?"
डोलकाठीवर दोन सेंटीमीटर. तळाशी पोचेपर्यंत हातभर म्हण,
पाण्याचे थर आवाजाला वाकवतात.
"आणि हा आकडा कायमचा?"

इथे गप्प बसायला हवं होतं.
पण मोजणाऱ्याच्याही जिभेला हाड नसतं.
नाही, म्हटलं, आकड्याखाली तारीख लिहावी लागते.
जमीन सरकते. धक्का, खिळा, मनोरा, हा तळ,
सगळं वर्षाला अडीच सेंटीमीटर, ईशान्येला.
नखं वाढतात तेवढ्या सावकाश.

त्याचे ओठ हलले. गुणाकार.
"अठ्ठ्याहत्तर."
मग माझ्या वायरींच्या गुंत्यातून वाट काढत
केबिनमध्ये त्याने एक पाऊल टाकलं. एकच.
मागे वळून त्या अंतराकडे बघितलं.
"एवढा चालला तो?"
"हो."
"घराकडे?"

न्यूलिन तिथून ईशान्येलाच होतं, जवळजवळ.
मी हो म्हटलं.
घरही तेवढंच पुढे गेलं, हे बोलले नाही.
त्याला ते कळलं असावं,
कारण त्याने पाऊल मागे घेतलं नाही,
तसाच उभा राहून बोट फिरवली.

संध्याकाळी अहवालात भरलं:
अडथळा. लांबी सतरा मीटर.
किमान खोली सदतीस पूर्णांक दोन, न्यूलिनच्या शून्याखाली.
अदमासे हा शब्द खोडला.
तारीख घातली.